चीफ व्हायचंय? मग तयारी सब ऑफिसर असतानाच सुरू करा

मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याची जागा रिकामी झाली की दलात पहिला प्रश्न येतो: डिव्हिजनल ऑफिसर कोर्स कोणाकोणाचा झालाय? अनेक ठिकाणी या प्रश्नावर शांतता पसरते आणि पदाचा अतिरिक्त कार्यभार कुणाकडे तरी दिला जातो. पंचवीस वर्षं आगी विझवलेला माणूस हाताशी असतो, पण मधल्या पायरीचा एक कोर्स राहिल्यामुळे नियमात बसत नाही. ही गोष्ट टाळता येण्यासारखी आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी एक घोळ दूर करू. ‘चीफसाठी नेमकी पात्रता काय?’ याला राज्यभर लागू पडेल असं एकच उत्तर नाही. अग्निशमन सेवा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नागरी स्थानिक संस्थांच्या कामांत येते. प्रत्येक महापालिकेचे स्वतःचे सेवाप्रवेश नियम असतात. एका शहरात पदवी आणि डिव्हिजनल ऑफिसर कोर्स मागतील, दुसऱ्या शहरात फायर इंजिनिअरिंगची पदवी चालेल, आणि वरिष्ठ पदावर किती वर्षं काढलेली हवीत तेही बदलेल. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तक्ता बाजूला ठेवा आणि आपल्या महापालिकेच्या सेवाप्रवेश नियमांची प्रत आस्थापना विभागातून मिळवा. ती वाचताना ‘किंवा’ आणि ‘आणि’ हे दोन शब्द नीट पाहा. निम्मे वाद तिथेच असतात.

कोर्सची शिडी मात्र सगळीकडे साधारण तीच. सब ऑफिसर, मग स्टेशन ऑफिसर अँड इन्स्ट्रक्टर, मग असिस्टंट डिव्हिजनल ऑफिसर, मग डिव्हिजनल ऑफिसर. हे शिक्षण देणारी मुख्य संस्था म्हणजे केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतलं नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. ते १९५६ साली रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. सब ऑफिसरच्या पायरीसाठी राज्याची अकादमीही आहे, तिथल्या कोर्सचं नाव ‘उपस्थानक अधिकारी व अग्नि प्रतिबंधक अधिकारी’. वरच्या पायऱ्यांसाठी मात्र नागपूरच गाठावं लागतं.

अडतं ते इथेच. वरचे कोर्स सेवेतल्या माणसासाठी असतात. दलाने नाव पाठवावं लागतं, रजा नव्हे तर प्रशिक्षण म्हणून सोडावं लागतं, आणि खालचा कोर्स झालेला असल्याशिवाय वरच्याचा विचार होत नाही. तीन पाळ्यांना मिळून चार-पाच अधिकारी असलेल्या दलात काही महिने एक माणूस कमी करायला कुणी तयार नसतं. एक वर्ष मनुष्यबळामुळे जातं, एक निवडणुकीमुळे, एक प्रस्ताव टेबलावर राहिल्यामुळे. आपलं नाव कुणीतरी पाठवेल म्हणून वाट पाहू नका. दरवर्षी लेखी विनंती अर्ज द्या आणि आवक क्रमांक पडलेली प्रत स्वतःकडे ठेवा.

दरम्यान नोकरी सांभाळून करता येते ती इन्स्टिट्यूशन ऑफ फायर इंजिनिअर्सची ग्रॅज्युएट परीक्षा. ती जरूर द्या, अभ्यास पक्का होतो. पण आपल्या नियमांत ती डिव्हिजनल ऑफिसर कोर्सला पर्याय म्हणून लिहिली आहे का, हे आधी तपासा. खासगी संस्थांच्या ‘फायर अँड सेफ्टी’ पदविकांबाबत तर दुप्पट सावध राहा. प्रमाणपत्रावर ‘सब ऑफिसर’ छापलं म्हणून ते नागपूरच्या किंवा राज्य अकादमीच्या कोर्सशी समकक्ष ठरत नाही. हे कळतं ते कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर, आणि तोवर फी आणि वर्षं दोन्ही गेलेली असतात.

‘एवढे कोर्स कशाला, अनुभव पुरेसा नाही का?’ असं विचारलं जातं. एक साधा हिशेब घ्या. ७० मीटर उंचीची इमारत, टाकी आणि पंप तळाशी. पाणी दर १० मीटर चढवायला साधारण १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब खर्ची पडतो, म्हणजे नुसतं वर पोचायला ७ किलो. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे सर्वांत वरच्या हायड्रंटवर, म्हणजे आगीसाठी नळी जोडायच्या तोटीवर, ३.५ किलो हवा. झाले १०.५, वर पाइपमधलं घर्षण वेगळं. कागदावर ८ किलोचा पंप दाखवला असेल तर वरच्या मजल्यावर जेमतेम १ किलो उरतो आणि ब्रँचमधून, म्हणजे नळीच्या फवारणीच्या तोंडातून, नुसती धार गळते. तळमजल्यावर चाचणी घेतली तर मात्र फवारा झकास दिसतो! अंतिम ना-हरकत दाखल्यावर सही करणाऱ्याला हे आराखड्यावरच दिसलं पाहिजे. २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने चीफच्या हातात नोटीस देण्यापासून इमारत मोहोरबंद करण्यापर्यंतचे अधिकार दिलेत. इतके अधिकार असलेल्या माणसाचा पाया अंदाजावर चालणार नाही.

आपल्याकडची खरी उणीव पुढची आहे. एकदा कोर्स झाला की तो जन्मभर चालतो. अमेरिकेत ‘चीफ फायर ऑफिसर’ हा व्यावसायिक दर्जा दर तीन वर्षांनी नव्याने सिद्ध करावा लागतो. शिक्षण, अनुभव, केलेलं काम यांचे पुरावे जोडायचे आणि याच क्षेत्रातल्या वरिष्ठांनी ते तपासायचे. लिथियम बॅटऱ्या, काचेच्या भिंती, पोडियम पार्किंग (इमारतीच्या खालच्या मजल्यांवरचं पार्किंग) हे सगळं अनेकांच्या कोर्सनंतर आलंय. नूतनीकरणाची सक्ती आपल्याकडेही यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

आता कागद. अनुभवाच्या दाखल्यावर पदनाम, वेतनश्रेणी, रुजू झाल्याची आणि संपल्याची तारीख, नेमणूक नियमित की तात्पुरती, जावक क्रमांक आणि सक्षम अधिकाऱ्याची सही हवी. ‘सदर कर्मचारी समाधानकारक काम करीत आहेत’ एवढ्यावर गुण मिळत नाहीत. प्रभारी म्हणून काढलेली वर्षं नियमित सेवेत धरली जातीलच असं समजू नका, त्या काळाचा लेखी आदेश जपून ठेवा. कोर्स संपवून आलात की पहिल्याच आठवड्यात सेवापुस्तकात नोंद करून घ्या आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा. ज्येष्ठता यादी प्रसिद्ध झाली की आपली जन्मतारीख, नियुक्तीची तारीख आणि पात्रतेचा रकाना स्वतः वाचा. चूक असेल तर हरकत मुदतीतच, लेखी, पोच घेऊन द्या.