पुस्तकात क्लायंट कुठे गेला?

मंगळवार

त्या पुस्तकावरून आज पुन्हा वाजलं. एरवी आमच्या डिझाइन स्टुडिओत कुणा डिझायनरचं कामाचं पुस्तक आलं की चार दिवस ते टेबलांवरून फिरतं, कडा दुमडतात, मग कपाटात जातं. हे मात्र जागचं हलत नाही. जो तो ते उघडतो आणि दुसऱ्याला बोलावून काहीतरी दाखवत बसतो.

चारशेच्या वर पानं. पुठ्ठ्यांवर राखाडी कापड, पाठ उघडी, शिलाईचा दोरा दिसतो. नाव शाई न लावता नुसतं दाबून उमटवलेलं. प्रस्तावना नाही. चित्रांखाली एक अक्षर नाही. सगळी माहिती शेवटच्या पानांत, सहा पॉइंटात, म्हणजे अगदी बारीक अक्षरांत, फिक्या करड्या रंगात कोंबलेली.

सर म्हणाले, "एवढं काम केलेला माणूस, आणि एक वाक्य लिहावंसं वाटलं नाही?"

"सर, काम बोलतंय ना. वाक्य कशाला?" ही आमची नवी मुलगी. येऊन फार दिवस झाले नाहीत, पण बोलायला अडत नाही, आणि ते मला आवडतं.

"काय बोलतंय, ते सांग मला."

तिनं खरंच सांगितलं. पिवळ्या लेबलावरची गोलाई पान उलटल्यावर पुढच्या खुर्चीच्या पाठीत कशी जाते, काळं-पांढरं पान कुठे मुद्दाम पेरलंय, चार गच्च पानांनंतर एक कोरं का सोडलंय. तिचं म्हणणं, हे काही कामाचं गाठोडं नव्हे, पुस्तक हेच त्याचं सगळ्यात ताजं काम आहे. सरांचं म्हणणं, अगदी तेच तर दुखणं आहे.

दादा आमच्याकडची छपाई बघतात. ते भिंग लावून एका पानावर वाकले होते. मी विचारलं, "दादा, तुम्ही कुणाच्या बाजूनं?"

"दोन फर्म्यांवर पाचवा रंग मारलाय," ते म्हणाले. "ही नारिंगी पोस्टरं स्क्रीन प्रिंटची असणार. फोर कलरमध्ये, नेहमीच्या चार शायांच्या छपाईत, असली नारिंगी मळकी येते. म्हणून तेवढ्यापुरती वेगळी शाई घेतलीये. खर्च केलाय माणसानं."

म्हणजे कुणाच्याच बाजूनं नाहीत. पण आजच्या सगळ्या बोलण्यात हा एकच मुद्दा असा होता की ज्याला पुरावा होता.

बुधवार, रात्री

पुस्तक घरी आणलं. वजनामुळे मांडीवर धरवत नाही, टेबलावरच उघडावं लागतं. हाही बहुधा हेतूच असेल.

एका पानाशी बराच वेळ थांबले. औषधाच्या बाटलीचं लेबल, दोन्ही पानं व्यापून, चारही बाजूंनी ब्लीड, म्हणजे कागदाच्या कडेपर्यंत छापलेलं. हातात घेतलं तर ते लेबल दोन-तीन इंचांचं असेल. इथे ते टेबलभर पसरलंय. किती घ्यायचं, केव्हा घ्यायचं ही ओळ मथळ्याएवढी झालीये आणि अर्थातच स्वच्छ वाचता येते. पण ती वाचता येते हे त्या डिझायनरचं कर्तृत्व नाही, पुस्तकाचं आहे. लेबलाची खरी परीक्षा बाटलीवर, गोल पृष्ठभागावर, कमी उजेडात, चष्मा सापडत नसताना होते. त्या मापात ती ओळ टिकते का? ह्या पानावरून कळायला मार्ग नाही. शेवटच्या यादीत शोधलं. कामाचं नाव आहे, वर्ष आहे. माप नाही.

पान उलटलं तर इमारतीच्या भिंतीवरचं भलंमोठं चिन्ह, नेमकं तेवढ्याच मापात. भिंतीएवढं आणि बोटाएवढं, दोन्ही सारखंच. नव्या मुलीला ही जोडी फार आवडली होती. दोन्हीकडे तोच तिरका काप आहे, आणि नजरेला ते सुखावतं हे मलाही मान्य करावं लागलं. मान्य करताना थोडा रागही आला. रंगाच्या बाबतीत इतका प्रामाणिक असलेला माणूस मापाच्या बाबतीत एवढा बेफिकीर कसा? नारिंगी खरी दिसावी म्हणून वेगळी शाई घेणाऱ्याला लेबलाशेजारी 'मूळ आकार' एवढे दोन शब्द जड झाले?

पुस्तकं डिझाइन करणाऱ्या डच इर्मा बोमचं मला नेहमी आठवतं. तिनं 2010 मध्ये आपल्या सगळ्या पुस्तकांचं पुस्तक काढलं, 'बायोग्राफी इन बुक्स'. 704 पानं आणि उंची दोन इंचांच्या आसपास. मुठीत मावतं. लहर म्हणून सोडून देता आलं असतं, पण ती पुस्तक रचताना आधी अशाच चिमुकल्या प्रती बनवते, म्हणून त्या मापाला कारण आहे. तिथे सगळंच लहान आहे, आणि हे मूळ नव्हे याबद्दल बघणाऱ्याच्या मनात शंका उरत नाही. मोठं करून दाखवण्यातच फसवणूक जास्त, असं मला वाटतं, कारण मोठं केलेलं काम उगाच महत्त्वाचं वाटायला लागतं.

झोपायच्या आधी एक गोष्ट ध्यानात आली. अख्ख्या पुस्तकात मळलेलं काहीच नाही. घडी पडलेला नकाशा नाही, ओरखडे गेलेली पाटी नाही, कुणी पेनानं फोन नंबर लिहून ठेवलेलं माहितीपत्रक नाही. दवाखान्यातल्या दिशादर्शक पाट्यांची दहा-बारा पानं आहेत आणि त्यांत एकही माणूस नाही. त्या पाट्या बघून कुणाला एक्स-रेची खोली सापडली की नाही, देव जाणे.

गुरुवार

आज श्रेयावरून. सरांनी यादीच्या शेवटची ओळ मोठ्यानं वाचली: सर्व संकल्पना आणि मांडणी, आणि पुढे एकट्याचं नाव. मदतनीसांची नावं त्याखाली, आडनावांच्या अकारविल्हे, कुणी काय केलं याचा पत्ता नाही.

मी स्टेफान सॅगमाइस्टर या डिझायनरच्या 1999 च्या पोस्टरचा विषय काढला. एआयजीए या अमेरिकेतल्या डिझायनरांच्या संस्थेच्या डेट्रॉइट शाखेतल्या व्याख्यानाचं ते पोस्टर, ज्यात सगळा मजकूर त्याच्या उघड्या अंगावर धारदार पात्यानं कोरलेला आहे. जगभर ते सॅगमाइस्टरचं पोस्टर म्हणून ओळखलं जातं, आणि अंग त्याचं, कल्पना त्याची, तेव्हा ते बरोबरही आहे. पण पातं चालवलं त्याच्याकडे तेव्हा उमेदवारी करणाऱ्या मार्टिन वुडट्लीनं. अक्षरं त्याच्या हातची. आता लेटरिंग कुणाचं म्हणायचं?

"कल्पना ज्याची त्याचं," नवी मुलगी म्हणाली.

"दहा वर्षांनी तुला विचारतो," सर म्हणाले.

(सरांच्या स्वतःच्या कामाच्या पानावर 'मी' किती वेळा येतं, ते मी मोजलेलं नाही. मोजणारही नाही.)

मात्र सरांचं अहंकाराबद्दलचं बोलणं मला पटत नाही. कामाचं पुस्तक काढायचं म्हणजे स्वतःकडे बोट दाखवणं आलंच. सॅगमाइस्टरनं 2001 मध्ये 'मेड यू लुक' काढलं तेव्हा उपशीर्षकातच सांगून टाकलं: हे आणखी एक आत्ममग्न डिझाइन-पुस्तक आहे, आणि यात आम्ही केलेलं जवळजवळ सगळं आहे, वाईटसाईटसुद्धा. स्वतःलाच आधी नावं ठेवली की दुसऱ्यांना ठेवायला जागा उरत नाही, चलाखीच ती. पण वाईटसाईट आत घेतलं ही चलाखी नव्हती. त्यामुळे बाकीचं कशातून वर आलं ते दिसतं.

शनिवार

सुट्टी होती म्हणून एक उद्योग केला. यादीतली वर्षं घेऊन पानं काळानुसार लावून बघितली. दोन खुणा, एक कागद, पेन्सिल. पुस्तकातली मांडणी आकारांवर चालते, वर्षांवर नाही, त्यामुळे विशीतलं काम आणि पन्नाशीतलं काम शेजारी येतं आणि माणूस जन्मतःच तयार होता असं वाटतं. काळानं लावल्यावर वेगळंच निघालं. सुरुवातीची वर्षं जवळजवळ रिकामी आहेत. मधे एक लांब पट्टा आहे ज्यात फक्त सांस्कृतिक कामं: प्रदर्शनं, नाटकं, कवितासंग्रह. त्या काळात पोट कशावर भरलं? डिझायनरला पोट असतंच. बँकेची पत्रकं केली असतील, साबणाची वेष्टनं केली असतील, आणि ती वाईट असतील असंही मी धरून चालत नाही. ती गाळली गेली ती क्लायंट पुस्तकाला शोभत नव्हता म्हणून, असा माझा अंदाज.

आठवडाभर डोक्यात जे अडकून होतं ते इथे मोकळं झालं. सगळ्या पुस्तकात समोरचा माणूस नाही. ज्यानं काम मागितलं, पैसे दिले, 'लोगो मोठा करा' म्हणाला, तो कुठेच नाही. डिझायनर पॉला शेरच्या 2002 च्या पुस्तकाचं नावच 'मेक इट बिगर' आहे, आणि त्यात कामं मंजूर कशी होतात, बैठकीत कोण काय बोलतं, हे सगळं येतं. वाचताना तिची कामं थोडी कमी देखणी वाटतात, पण ती बऱ्याच जास्त समजतात.

नवी मुलगी म्हणेल, समजायची गरज काय. तिला डिझायनर डेव्हिड कार्सनचं ते पान दाखवणार आहे. 1994, 'रे गन' मासिक, गायक ब्रायन फेरीची मुलाखत. कार्सनला ती कंटाळवाणी वाटली, म्हणून त्यानं ती झॅफ डिंगबॅट्स या चिन्हांच्या फॉन्टमध्ये लावली, म्हणजे अक्षरांऐवजी नुसत्या चांदण्या, बाण आणि ठोकळे. ही हकीकत माहीत नसेल तर ते पान म्हणजे नक्षी. माहीत असेल तर कुणी संतापेल, कुणी हसेल, पण मत तरी बनेल. मला स्वतःला ते पान आगाऊपणाचं वाटतं. मुलाखत देणाऱ्याला विचारलं होतं का कुणी?

सोमवार

दुपारी सरांनी बोलावून सांगितलं की आपलंही एक छोटं पुस्तक करायचंय, आणि कॅप्शन तू लिही. "एवढं बोललीस, आता करून दाखव," असं काही ते म्हणाले नाहीत, पण चेहऱ्यावर होतं.

नमुन्याला बियाण्याच्या पाकिटाचं काम घेतलं. लिहिलं: मूळ आकार, कागद, किती रंग, काम कुणासाठी, अक्षरं कुणी काढली, फोटो कुणाचा. मग आणखी दोन ओळी: पहिल्या आराखड्यात चित्र नव्हतं, नुसतं नाव होतं, क्लायंटनं नाकारलं, कारण घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वाचता येत नाही, त्याचं बरोबर होतं.

सरांनी 'त्याचं बरोबर होतं' वर काट मारली. "हे आपण का सांगायचं?"

"कारण पाकीट त्यामुळे चांगलं झालं."

"ते पाकीट बघून कळतं."

"नाही कळत, सर. बघून फक्त चित्र छान आहे एवढंच कळतं."

नवी मुलगी मधे पडली. ओळी राहू द्या म्हणाली, पण चित्राच्या पानावर नकोत, समोरच्या पानावर खाली, एकाच स्तंभात. मी लगेच हो म्हटलं, कारण पाकीट खऱ्या मापात छापायचं तर पानावर तशीही बरीच जागा उरते. सरांनी काट खोडली नाही आणि पक्कीही केली नाही. कागद तसाच परत दिला. उद्या आठ पॉइंट की नऊ, यावर बसायचंय.