४३ सेंटीमीटरची पाठ

ट्रेकच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुक्कामाला पोचलो. जाकिटाची चेन उघडायला गेले, तर उजव्या हाताची बोटं चेनच्या टोकावर नीट बसेनात. थंडी नव्हती. बोटांना मुंग्या आल्या होत्या, अंगठ्याजवळचा भाग बधिर झाला होता आणि खांद्यापासून कोपरापर्यंत हात जड वाटत होता. दोन्ही खांद्यांवर सॅकच्या पट्ट्याच्या रुंदीचे लालभडक वळ उठले होते. मला वाटलं, आपला सराव कमी पडला. पुढच्या वेळी जास्त व्यायाम करायचा, की झालं.

आमच्यात एक अनुभवी दादा होता. सकाळी निघताना त्याने माझी सॅक पाठीवर असतानाच खांद्याच्या पट्ट्याखाली बोटं घालून पाहिली. बोटं आत शिरेनात. मग कमरेचा बेल्ट पाहिला, तर त्यात अख्खा पंजा सहज गेला. "तुझी कमर काहीच उचलत नाहीये. सगळं ओझं खांद्यावर लटकलंय," तो म्हणाला. त्याने बेल्ट वर ओढून घट्ट केला. दहा पावलांत तो पुन्हा घसरून मांडीच्या वरच्या बाजूला येऊन बसला. पुन्हा केला, पुन्हा घसरला. "सॅक लांब आहे तुला," एवढंच म्हणून त्याने माझं तीनेक किलो सामान स्वतःच्या सॅकमध्ये घेतलं.

परत आल्यावर हाताचं आधी पाहिलं. मानेतून निघणारा नसांचा जुडगा गळपट्टीच्या हाडाखालून हातात उतरतो. जड सॅकचा पट्टा तासन् तास त्या भागावर दाबून राहिला, की हात बधिर होतो, त्यातली ताकद कमी होते. या दुखण्याला रकसॅक पाल्सी असं नावच आहे, आणि ज्या सॅकचं ओझं कमरेवर जात नाही तिच्यात त्याचा धोका वाढतो. माझ्या मुंग्या दोन दिवसांत गेल्या. सगळ्यांच्या इतक्या लवकर जात नाहीत, काहींना आठवडे, महिने लागतात. म्हणून सॅकमुळे हात बधिर झाला तर 'होतं असं' म्हणून सोडून देऊ नका. तिथेच थांबा, ओझं उतरवा, आणि बधिरपणा राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

ती सॅक मी कशी निवडली होती, ते आठवून पाहिलं. ६५ लिटर, म्हणजे सगळं मावेल. खिसे भरपूर. माझी उंची १७२ सेंटीमीटर, म्हणून लार्ज. रिकामी सॅक पाठीवर टाकून आरशात पाहिली, छान वाटली आणि घेतली. रिकामी सॅक कुठलीही छानच वाटते, हे तेव्हा माहीत नव्हतं. आणि सॅकचं माप उंचीवर ठरत नाही, पाठीच्या लांबीवर ठरतं, हेही नाही.

पाठ मोजायला दुसरं माणूस लागतं. मी ताईला मदतीला घेतलं. मान पुढे झुकवली की मान आणि पाठ जिथे जुळतात तिथे एक ठळक मणका वर येतो, तो मानेचा सातवा मणका. टेपचं एक टोक तिथे. दुसरं टोक शोधायचं तर दोन्ही हात कमरेवर ठेवायचे, बोटं पुढे आणि अंगठे पाठीकडे, पण मऊ भागावर नाही. दोन्ही बाजूंनी चाचपत खाली गेलं की कमरेच्या हाडाची वरची कड लागते, तिच्यावर. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ पाठीवरून काढली, की ती पाठीच्या कण्याला जिथे छेदते तिथपर्यंत टेप आणायची, आणि टेप ताणायची नाही, पाठीच्या वळणावरून सोडायची.

पहिल्यांदा ३९ आलं. ताई म्हणाली, "एवढी कमी कशी असेल?" पाहिलं तर माझे हात मऊ कमरेवरच होते, ड्रेस शिवताना जिथे माप घेतात तिथे. हाड त्याच्याही खाली होतं. ही चूक अगदी सहज होते, म्हणून मुद्दाम सांगते: बोटांनी दाबल्यावर टणक कड लागलीच पाहिजे. पुन्हा तीनदा मोजलं, ४३, ४४, ४३. मग ताईची मोजली. ती माझ्याहून वीतभर नसली तरी चांगली बारा सेंटीमीटर बुटकी आहे. तिची पाठ ४५ भरली. माझी सगळी उंची पायांत आहे, हे इतक्या वर्षांत कधी लक्षातच आलं नव्हतं.

साधारणपणे ४० ते ४५ म्हणजे स्मॉल, ४५ ते ५० मीडियम, त्यापुढे लार्ज. प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा वेगळा असतो, म्हणून अक्षर पाहू नका, सेंटीमीटर पाहा. माझी जुनी सॅक ५० च्या पुढच्या पाठीसाठी होती. माझ्या पाठीवर तिचा बेल्ट हाडाच्या खालीच येणार. मग तो कितीही आवळा, हाडाचा आधार नसल्याने तो घसरणार, आणि ओझं खांद्यांवर येणार. व्यायामाचा इथे संबंधच नव्हता.

यानंतर मी लिटरचा विचार केला, आणि उलट बाजूने केला. आधी सामान काढलं. तंबूतला माझा वाटा, स्लीपिंग बॅग, मॅट, कपडे, तीन दिवसांचं खाणं, दोन लिटर पाणी, सगळं जमिनीवर मांडलं. मग ते एका खोक्यात, सॅकमध्ये भरावं तसं दाबून भरलं. खोक्याची लांबी ४० सेंटीमीटर, रुंदी ३०, सामान ३८ पर्यंत आलं. गुणाकार करून हजाराने भागलं, साडेपंचेचाळीस लिटर झाले. म्हणजे मला ५० लिटरची सॅक पुरे होती. ६५ लिटरमधले वरचे १५ लिटर मी दर वेळी 'लागलं तर असू दे' म्हणून भरत होते. जागा दिसली की हात भरतोच.

वजन केलं तर साडेनऊ किलो, त्यात पाण्याचेच दोन. सॅकचं स्वतःचं वजन धरून साडेअकराच्या आत बसवायचं ठरवलं, कारण भरलेली सॅक शरीराच्या वजनाच्या साधारण पाचव्या भागाहून जड नसावी असा ठोकताळा आहे, आणि माझं वजन ५८ किलो. ठोकताळाच आहे तो. गुडघे, पाठ, वय, चढ यांवर तो खाली येतो. पण डोळ्यांपुढे एक आकडा असला की हावरटपणाला लगाम बसतो.

मग दुकान. सॅक पाहणाऱ्याने एक गोष्ट नक्की मागून घ्यावी, ती म्हणजे वजनाच्या पिशव्या. चांगल्या दुकानांत वाळूच्या किंवा तसल्याच पिशव्या सॅकमध्ये घालून द्यायला ठेवलेल्या असतात. नसतील तर आपलं सामान घेऊन जायला लाजू नये. मी दहा किलो भरायला सांगितलं आणि त्या दुपारी चार सॅका घालून पाहिल्या.

घालण्याचा एक क्रम आहे, तो चुकला तर योग्य सॅकही अयोग्य वाटते. सगळे पट्टे आधी सैल करायचे. सॅक पाठीवर घेतली की पहिल्यांदा हिप बेल्ट, म्हणजे कमरेचा बेल्ट. त्याच्या गादीचा मधला भाग बरोबर हाडाच्या कडेवर यायला हवा, म्हणजे गादी निम्मी वर, निम्मी खाली. बकल लावून घट्ट ओढायचं. मग खांद्याचे पट्टे, ते खांद्याला मागेपुढे चिकटून बसतील इतपतच. मग खांद्याच्या वर सॅककडे तिरके जाणारे दोन छोटे पट्टे असतात, लोड लिफ्टर, ते हलके ओढायचे. बाजूने पाहिलं तर ते साधारण ४५ अंशांत वर जायला हवेत. सपाट दिसले तर बहुधा सॅक पाठीला आखूड आहे. छातीचा पट्टा शेवटी, गळपट्टीच्या हाडाखाली दोनतीन सेंटीमीटरवर, आणि दीर्घ श्वास घेता येईल इतका सैल.

पहिल्या सॅकच्या पाठीला ताणलेली जाळी होती. हवा खेळती राहते, घामाने पाठ भिजत नाही, हे खरंच सुख आहे. पण जाळीमुळे सॅक पाठीपासून थोडी दूर राहते आणि दहा किलोला ती मला मागे ओढत होती. हलक्या सामानाने दिवसभर चालायला मी तीच घेतली असती. दुसरी जेमतेम किलोभर वजनाची. पाच-सहा किलोला पिसासारखी वाटली, दहा किलो घातल्यावर मात्र तिचा पातळ बेल्ट हाडावर दुमडला आणि त्याची कड रुतायला लागली. सॅकचं वजन वाचवताना बेल्टची गादी आणि फ्रेम, म्हणजे सॅकचा ताठ सांगाडा, जाते, आणि नेमकं तेच ओझं वाहत असतं. ज्यांचं सगळं सामान हलकं आहे त्यांच्यासाठी ती सॅक आहे.

तिसरीची लांबी बरोबर होती. पण बेल्ट पूर्ण आवळल्यावर त्याच्या दोन्ही गाद्या पोटावर एकमेकींना टेकल्या. याचा अर्थ बेल्ट मोठा, आणखी आवळायला जागाच नाही. पुढे गाद्यांमध्ये सात-आठ सेंटीमीटर तरी अंतर राहायला हवं, म्हणजे चालून चालून कमर उतरली किंवा जाड कपडे काढले तरी बेल्ट घट्ट करता येतो. शिवाय तिचे खांद्याचे पट्टे माझ्या काखेत घासत होते. दुकानातल्या ताईंनी मग बायकांसाठीची सॅक काढून दिली. मला वाटत होतं, यात फरक फक्त रंगाचा असतो. तसं नाही. पट्टे एकमेकांच्या जवळ आणि नागमोडी कापलेले असतात, म्हणजे ते छातीच्या बाजूने वळून जातात. पाठ आखूड असते आणि बेल्टचा कोन वेगळा असतो. अरुंद खांद्यांच्या पुरुषालाही ती जास्त बरी बसू शकते, आणि रुंद खांद्यांच्या बाईला दुसरी.

ती चौथी सॅक. तिची पाठ वरखाली सरकवता येत होती. ४३ वर लावली, बेल्ट आवळला, आणि मग जे झालं ते मी विसरणार नाही. खांद्याचे पट्टे मी मुद्दाम सैल सोडले. पट्टे आणि खांदा यांच्यात बोटभर फट पडली, तरी सॅक जागची हलली नाही. दहा किलो माझ्या कमरेवर उभे होते आणि खांदे मोकळे होते. बेल्ट बहुतेक सगळं ओझं पेलतो आणि खांद्याचे पट्टे सॅकला नुसतं पाठीशी धरून ठेवतात, हे वाचलेलं वाक्य पहिल्यांदा अंगाला समजलं.

ही कल्पना सर्रास वापरात येऊन तशी फार वर्षं झालेली नाहीत. कॅलिफोर्नियात डिक केल्टी यांनी १९५२ मध्ये ॲल्युमिनियमच्या फ्रेमच्या सॅका विकायला सुरुवात केली आणि कमरेवर ओझं घेणारा बेल्ट लोकांपर्यंत पोचवला. सिएरा नेवाडात चालताना फ्रेमची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खोचली, तर खांदे एकदम हलके झाले, त्यातून हे सुचलं असं सांगतात. पुढे १९६७ मध्ये ग्रेग लो यांनी फ्रेम सॅकच्या आत घेतली. सैल पट्ट्यांनी त्या दुकानात उभी असताना मला या माणसांबद्दल खरोखर कृतज्ञता वाटली.

तरी लगेच निर्णय घेतला नाही. वीस मिनिटं दुकानात चालले, जिना चढले-उतरले, वाकून बुटाची नाडी बांधली, मान वर करून छताकडे पाहिलं. या शेवटच्या परीक्षेत बऱ्याच सॅका नापास होतात, डोकं वरच्या झाकणाला आपटतं. चढावर वाट पाहायला मान वर करावीच लागते. बाजूच्या खिशातली बाटली सॅक न उतरवता काढता येते का, तेही पाहिलं. कापड, शिवण, चेन भराभर तपासल्या. पावसाचं कव्हर सोबत होतं, पण आतलं सामान मी तरीही जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरते. कव्हर पाठीच्या बाजूने झिरपणारं पाणी अडवत नाही.

परत करता येईल असं विचारून घेतलं आणि लेबल न काढता घरी खरं सामान भरून तीन संध्याकाळी चालले. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या जरा खाली. स्लीपिंग बॅग तळाला. हलके कपडे बाहेरच्या बाजूला. दुसऱ्या संध्याकाळी उजव्या कमरेच्या हाडावर लाल चट्टा दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. सॅक परत करायची तयारीही झाली होती. मग चट्ट्यावर बोट ठेवून पाहिलं, तर तो बरोबर पँटच्या लूपच्या आकाराचा होता. खाली चामडी पट्टा घातला होता. तिसऱ्या दिवशी पट्ट्याविना, इलॅस्टिकची पँट घालून चालले. चट्टा नाही. मग लेबल काढलं.

त्यानंतर चार मोहिमा झाल्या. सॅक एकदा लावली की काम संपत नाही, हे चालताना कळलं. चढाला मी लोड लिफ्टर थोडे सैल सोडते, उताराला ओढून घेते, म्हणजे ओझं डुगडुगत नाही. तासाभराने खांदे भरून आले की पट्टे सोडून सगळं कमरेवर देते आणि दहा मिनिटांनी पुन्हा वाटून घेते. खाणं संपत आलं, की बाजूचे आवळपट्टे ओढून पोकळी काढून टाकते. बोटांना पुन्हा मुंग्या आल्या नाहीत.

जुनी सॅक वर्षभर माळ्यावर पडून होती. आमच्यात नव्याने आलेला एक मित्र सॅक शोधत होता, तेव्हा तिची आठवण झाली. माझ्याहून दोन बोटं बुटकाच तो. मी आधी टेप काढली. त्याची पाठ ५१ भरली. दहा किलो घालून सॅक त्याच्या पाठीवर चढवली, बेल्ट हाडावर बसवला, खांद्याचे पट्टे सैल सोडायला सांगितले. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्यानंतरच्या मोहिमेत तीच सॅक घेऊन दिवसभर तो माझ्यापुढे चालत होता, आणि तो बेल्ट त्याच्या हाडावरून तसूभरही खाली सरकला नाही.