मीटरवर शून्य दिसलं, मग पुढे?

गेल्या कापसाच्या हंगामात आमच्या कॉलेजच्या एका मुलीची ऑनलाइन मुलाखत झाली. पद प्रकल्पातल्या ज्युनिअर रिसर्च फेलोचं, म्हणजे जेआरएफचं. लॅब क्वांटम पदार्थांवर प्रयोग करणारी. अतिवाहक, म्हणजे पुरेसं थंड केल्यावर विजेला अडथळाच न करणारे पदार्थ, टोपोलॉजिकल इन्सुलेटर, म्हणजे आतून वीज अडवणारे पण पृष्ठभागावरून वाहू देणारे, काही विचित्र वागणारे चुंबक, असा सगळा माल. तो थंड करायचा आणि त्यातले इलेक्ट्रॉन काय करतात ते मोजायचं.

माझी पीएच.डी. याच विषयातली. मग मी यवतमाळ जिल्ह्यात, आमच्या तालुक्याच्या गावी शिकवायला आलो. अशा जाहिरातींवर माझी नजर असते. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने सहा हजार कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, त्यातल्या क्वांटम पदार्थ आणि उपकरणांच्या केंद्राचं काम आयआयटी दिल्लीकडे आहे. तेव्हापासून मला तरी या जाहिराती जास्त दिसू लागल्यात. पण त्या संस्थेच्या वेबसाइटवर येतात आणि थोड्याच दिवसांत मुदत संपते. आमची पोरं तोवर तलाठी भरतीच्या अभ्यासात असतात. त्यांचा दोष नाही. गेट किंवा नेट परीक्षा पास असाल तर महिन्याला ३७ हजार आणि वर घरभाडं घेत संशोधन शिकता येतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

ही मुलगी गेट पास होती. त्याहून मोठी गोष्ट, तिच्या भावाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. शाळेत असल्यापासून तिथे बसून तिने केसासारख्या तारा गुंडाळल्या, एनॅमल खरवडून सोल्डर मारलं. तिचा हात हलत नाही.

आमच्याकडे फोर प्रोबचा, म्हणजे चार तारांनी रेझिस्टन्स मोजायचा संच आहे, जर्मेनियमच्या प्रयोगासाठी घेतलेला. माझ्या जुन्या लॅबमधून मी वायबीसीओची एक टिकली आणली होती. यिट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजनचा हा काळा, ठिसूळ पदार्थ. १९८७ मध्ये तो ९० केल्विनच्या वर अतिवाहक होतो असं दिसलं आणि साऱ्या जगाच्या लॅब जाग्या झाल्या, कारण द्रव नायट्रोजन उकळतो ७७ केल्विनला, उणे १९६ अंशांवर. या पदार्थासाठी महागड्या द्रव हेलियमची गरजच उरली नाही. आणि द्रव नायट्रोजन आमच्या गावात आहे! गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात. हे काम खासगीत करणाऱ्या एका भल्या माणसाने पैसे घेऊन आम्हाला स्टीलच्या थर्मासमध्ये थोडा दिला. झाकण घट्ट लावायचं नाही, खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या, ही ताकीद त्यानेच आधी दिली.

टिकलीवर चार तारा लावायच्या, बाहेरच्या दोनमधून १०० मिलिअँपिअर करंट, आतल्या दोनवर व्होल्टेज. खोलीच्या तापमानाला जेमतेम एक मिलिव्होल्ट येतो. शेजारी तापमानासाठी प्लॅटिनमचा सेन्सर. पहिल्या आलेखात थंड होताना व्होल्टेज १०४ केल्विनला कोसळला आणि गरम होताना ८६ ला परत वर आला. पुष्कळ विद्यार्थी यावर सरासरी काढून वही सही करून घेतात. तिने वही मिटली नाही. मला विचारलं, "सर, उतरतानी अन् चढतानी रेषा येगयेगळी काहून येऊन रायली?"

मी उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी ती भावाच्या दुकानातून तांब्याचा एक ठोकळा घेऊन आली. टिकली आणि सेन्सर दोन्ही त्यावर चिकटवले, भोवती कापूस गुंडाळला आणि सगळं नायट्रोजनच्या वाफेत इतकं हळू सोडलं की एका फेरीला दुपार गेली. या वेळी उतरताना ९३, चढताना ९१.

मुलाखतीसाठी स्वतःच्या कोणत्याही एका मोजणीचं पान पाठवायला सांगितलं होतं. तिने हे दोन्ही आलेख एकाच पानावर पाठवले. वाईट दिसणारा पहिला आलेख काढून टाक, असं सहकाऱ्यांपैकी एकाने तिला सुचवलं होतं. तिने ऐकलं नाही, आणि मला ते फार आवडलं.

मुलाखतीच्या दिवशी सकाळीच लाइन गेली. प्राचार्यांच्या केबिनमध्ये लॅपटॉप बॅटरीवर, इंटरनेट मोबाइलवरून. पंखा बंद म्हणून दार उघडं होतं आणि मी व्हरांड्यात बसलो होतो. सुरुवातीला इंग्रजीत ती अडखळली. समोरच्या बाईंनी स्वतःहून सांगितलं, हिंदीत बोल. तिथून तिचा आवाज बदलला.

पहिला प्रश्न पुस्तकातला: नुसता शून्य रेझिस्टन्सचा वाहक आणि अतिवाहक यांत फरक काय? चुंबकीय क्षेत्रात ठेवून थंड केला तरी अतिवाहक ते क्षेत्र आतून बाहेर ढकलतो, हे तिने नीट सांगितलं. मग मुलाखत घेणारे तिघंही तिच्या पानावर आले.

"९३ आणि ९१ ची सरासरी घेऊन मोकळी का नाही झालीस?"

ती म्हणाली, हळू केल्यावर फरक अठरावरून दोनवर आला, म्हणजे तो टिकलीचा गुण नव्हता. सेन्सरचं तापमान टिकलीच्या मागे राहत होतं. आणखी हळू केलं तर दोनाचाही कमी होतो का, ते बघायचं राहिलंय. त्याआधी सरासरी काढली तर ते कधीच कळणार नाही.

"व्होल्टेज शून्य झाला तेव्हा तुझी तार सुटली नव्हती कशावरून?"

"गरम केल्यावर त्याच जागी परत आला, सर. आणि प्रत्येक वेळी करंट उलटा करूनही मोजला होता."

"म्हणजे रेझिस्टन्स शून्य."

इथे ती थांबली. मला वाटलं, आता हो म्हणेल. ती म्हणाली, "शून्य नाही म्हणता येणार. आमचा मीटर १० मायक्रोव्होल्टच्या खाली वाचत नाही. १०० मायक्रोओहमपेक्षा कमी, एवढंच म्हणता येईल."

पलीकडे काही क्षण कुणी बोललं नाही. मग त्या बाईंनी विचारलं, रुजू कधी होऊ शकशील?

निवडीचा मेल चार दिवसांनी आला. संध्याकाळी तिचे वडील घरी आले, कापसाची येचणी सोडून. "सर, हे नोकरी पक्की हाय काजी?"

नाही, असंच मी सांगितलं. कापूस उत्पादक माणसाला या बाबतीत गोड बोलणं मला पाप वाटतं. पद प्रकल्पाला बांधलेलं, नूतनीकरण वर्षावर्षाने. पीएच.डी.ला नाव लागलं तर पाच-सहा वर्षं, दोन वर्षांनी रक्कम वाढून ४२ हजार. पुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधनाचं काम, तेही दोन-तीन वर्षांच्या करारावर, पुष्कळदा परदेशात. कायमची जागा त्यानंतर, तीही मिळालीच तर. फेलोशिप कधी कधी महिनोन्‌महिने अडकते. माझीही अडकली होती, म्हणून पहिल्या चार महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा. त्यांनी विचारलं, रातच्यालेही काम रायते का? राहतं. एकदा यंत्र थंड केलं की रात्रभर मोजणी चालते. मग लॅबपासून होस्टेल किती दूर, रात्री गेटवर माणूस असतो का, हे त्यांनी इतकं बारीक विचारलं की मला फोन लावून खात्री करून द्यावी लागली.

ती डिसेंबरात गेली. परवा फोन आला होता. तिथे मिलिमीटरभर लांबीच्या स्फटिकावर सूक्ष्मदर्शकाखाली २५ मायक्रॉनच्या सोन्याच्या तारा चांदीच्या लेपाने चिकटवायच्या असतात. पहिल्या आठवड्यात तिच्या सगळ्या जोडण्या थंड होताना सुटल्या. "तार ताणून लावत होती, सर. आकसली का उपडून ये. आता तारेले थोडा झोल ठेवून रायली, दोन केल्विनलोक टिकते."