उभ्या गाडीतील उंदरांचा बंदोबस्त : माझा अनुभव

आईच्या शस्त्रक्रियेनंतर तिच्याजवळ राहण्यासाठी मला सहा आठवडे घराबाहेर काढावे लागले आणि तेवढा सगळा काळ माझी गाडी बंद गॅरेजमध्ये एकाच जागी उभी होती. परत आल्यावर किल्ली फिरवताच ती सुरू झाली, त्यामुळे मी निश्चिंत झाले. पण ब्लोअर चालू केल्याबरोबर समोरच्या झरोक्यांतून कुबट, उग्र, लघवीसारखा वास आला आणि डॅशबोर्डच्या आत काहीतरी फडफडत असल्यासारखा आवाज येऊ लागला. मी ब्लोअर तत्काळ बंद केला आणि खिडक्या उघडून गाडी पुन्हा जागेवर लावली.

ग्लोव्ह बॉक्समधील सामान काढून, त्याच्या दोन्ही कडा आत दाबून मी तो खाली उतरवला आणि त्याच्या मागचा केबिन फिल्टर, म्हणजे गाडीत येणारी हवा गाळणारी पट्टी, हळूच बाहेर ओढला. फिल्टरवर तळहाताएवढे घरटे होते. बॉनेटच्या आतल्या बाजूला जे राखाडी अस्तर असते त्याची पिंजलेली लोकर, टिश्यू पेपरच्या दोऱ्यासारख्या बारीक चिंध्या आणि मधोमध वाटीसारखा गुळगुळीत खळगा, अशी त्याची रचना होती. आजूबाजूला तांदळाच्या दाण्याएवढ्या, टोकांना निमुळत्या होत गेलेल्या काळ्या लेंड्या पडल्या होत्या. लेंड्यांच्या या आकारावरूनच हा मोठा उंदीर नसून लहान घरउंदीर आहे, हे ओळखता आले. मोठ्या उंदराच्या लेंड्या याच्या दुप्पट-तिप्पट लांब असतात. घरट्यात पिल्ले नव्हती, पण ती यायला वेळ लागला नसता. घरउंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत पाच ते आठ पिल्लांना जन्म देते आणि ती पिल्ले दीड महिन्याची होताच स्वतः प्रजननक्षम होतात.

माझा हात पहिल्यांदा व्हॅक्यूम क्लीनरकडे गेला होता, आणि माझ्यासारखेच बहुतेकांचे होत असणार, म्हणून हा भाग सविस्तर लिहिते. उंदरांच्या वाळलेल्या लेंड्या आणि लघवी झाडून किंवा यंत्राने ओढून काढल्यास त्यांची बारीक धूळ हवेत मिसळून श्वासावाटे शरीरात जाते. हंताव्हायरस या उंदरांपासून पसरणाऱ्या विषाणूचा संसर्ग प्रामुख्याने याच मार्गाने होतो, तर लेप्टोस्पायरोसिसचे जंतू लघवीतून त्वचेवरील जखमांवाटे किंवा डोळ्यांवाटे शिरकाव करतात. म्हणून मी चारही दारे आणि डिकी उघडून गाडी अर्धा तास तशीच ठेवली, रबरी हातमोजे आणि मास्क घातला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण करून ते घरट्यावर व लेंड्यांवर भिजेपर्यंत फवारले आणि पाच मिनिटे थांबल्यानंतर सगळे कागदी रुमालांनी उचलून दोन पिशव्यांत बंद केले. हे मिश्रण विजेच्या जोडण्यांवर उडू द्यायचे नसते. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वीच बॅटरीची ऋण बाजू सोडवून ठेवली होती आणि जोडण्यांजवळची जागा फवारा न मारता केवळ ओल्या रुमालाने पुसली.

त्यानंतर गाडी कार्यशाळेत नेली. तेथे नवा फिल्टर बसवण्यात आला, कुरतडलेल्या दोन वायरी जोडण्यात आल्या आणि काम झाले असे सांगण्यात आले. बाराव्या दिवशी इंजिनचा इशारादिवा लागला आणि गाडी धक्के देत चालू लागली. या वेळी घरी आलेल्या इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडून इंजेक्टरकडे, म्हणजे इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागाकडे, जाणारी एक वायर माझ्यासमोर धरली. तिचे आवरण सुमारे दोन बोटे लांबीपर्यंत सोलले गेले होते आणि आतील तांब्याच्या तारेवर शेजारी शेजारी दोन दातांच्या बारीक खाचा ओळीने उमटल्या होत्या. "ताई, वायर मी आत्ता जोडून देतो," ते म्हणाले, "पण तो कुठून आत येतो ते तुम्ही शोधा, नाहीतर मला दर पंधरा दिवसांनी यावे लागेल." मी इतके दिवस दुरुस्तीलाच बंदोबस्त समजत होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले.

नव्या गाड्यांच्या वायरींच्या आवरणात सोयाबीनपासून तयार केलेले घटक असल्यामुळे उंदीर त्या खातात, असे अनेक जण सांगतात. मी या वादात फार शिरले नाही, कारण निव्वळ प्लास्टिकचे आवरण असलेल्या जुन्या वायरीही उंदीर कुरतडतातच. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि समोर जे येईल ते कुरतडणे हा त्यांचा स्वभाव आहे. वायर केवळ त्यांच्या वाटेत येते. वाट कोणती, एवढाच प्रश्न माझ्यासाठी उरला होता.

ती शोधण्यासाठी मी चारही चाकांभोवती आणि गॅरेजच्या भिंतींलगत टाल्कम पावडरचा अगदी पातळ थर पसरला आणि पहाटे विजेरी जमिनीला समांतर धरून पाहिले. तिरक्या उजेडात पाऊलखुणा स्पष्ट उठून दिसत होत्या. पुढच्या पायाला चार बोटे, मागच्या पायाला पाच, आणि काही ठिकाणी मधून शेपटीची पुसट रेघ. त्या खुणा गॅरेजच्या दरवाजाच्या डाव्या कोपऱ्यातून निघून भिंतीला चिकटून पुढे आल्या होत्या, मोकळी जागा ओलांडून थेट पुढच्या उजव्या चाकाशी पोहोचल्या होत्या आणि टायरच्या खाचांमध्ये पावडरीचे पांढरे ठिपके वर वर जाताना दिसत होते. उंदीर भिंतीच्या कडेने चालतो हे ऐकून माहीत होते, पण प्रत्यक्ष पाहिल्यावर सापळे कुठे लावायचे याचा निर्णय आपोआप झाला.

पुढचे दोन दिवस मी गाडीच्या फटी तपासण्यात घालवले, आणि या सगळ्या खटाटोपात सर्वांत उपयोगी पडले ते हेच काम. सुमारे ६ मिलिमीटरच्या फटीतून घरउंदीर आत जाऊ शकतो. म्हणून मी हातात एक साधी पेन्सिल घेतली आणि ती जिथे जिथे आत गेली तिथे खडूने खूण केली. पहिली जागा वायपरच्या खाली, जिथून बाहेरची हवा ब्लोअरकडे ओढली जाते. तेथील प्लास्टिकच्या जाळीचा एक दात तुटलेला होता आणि घरटे सापडले ते बरोबर त्याच्या खाली. दुसरी जागा इंजिनच्या एअर फिल्टरकडे हवा नेणाऱ्या नळीचे तोंड. तिसरी मला कधीच सुचली नसती: पूर्वी संगीतयंत्रणा बसवताना बॅटरीची वायर आत घेण्यासाठी इंजिन आणि केबिन यांच्यामधील पत्र्याला छिद्र पाडले होते आणि त्यात रबरी बूच बसवलेलेच नव्हते. चौथी जागा मागच्या बंपरच्या आड होती. दार बंद करताना आतली हवा बाहेर पडावी म्हणून तेथे लवचिक झडपा असतात, त्यांतील एक झडप वाकून उघडी राहिली होती.

वायपरखालील भागासाठी मी गंज न चढणाऱ्या पोलादाची, ५ मिलिमीटरपेक्षा लहान छिद्रांची विणलेली जाळी घेतली. खिडकीला लावतात ती नायलॉनची जाळी उंदीर सहज कुरतडतो, त्यामुळे तिचा येथे उपयोग नाही. प्लास्टिकचे आवरण उतरवून जाळी त्याच्या आतल्या बाजूने, हवेच्या तोंडापेक्षा चारही बाजूंनी दोन बोटे मोठी कापली, कडा आत दुमडल्या आणि बारीक स्क्रूंनी घट्ट बसवली. जाळीवर पाने साचली तर हवा अडते आणि पावसाचे पाणी तुंबून आत उतरू शकते, म्हणून ती महिन्यातून एकदा साफ करावी लागते. पत्र्याच्या छिद्रात योग्य मापाचे रबरी बूच घालून त्याच्याभोवती पोलादी लोकर दाबली. ही लोकर साधी असल्यास लवकर गंजते, म्हणून स्टेनलेस प्रकारचीच वापरली. मागची झडप नवी बसवली आणि तिच्याबाहेर, तिची हालचाल अडणार नाही इतके अंतर राखून, जाळीचे कवच लावले.

एअर फिल्टरच्या नळीचे तोंड मात्र कायमचे झाकता येत नाही. गाडी दोन आठवड्यांहून अधिक उभी राहणार असेल तेव्हाच मी तेथे आणि सायलेन्सरच्या नळीत जाळीची गुंडाळी घालते, प्रत्येक गुंडाळीला लाल फीत बांधते आणि तशीच एक फीत स्टिअरिंगला अडकवते. ती सोडल्याशिवाय किल्ली लावायची नाही असा नियम मी घरातील सर्वांना घालून दिला आहे, कारण ती गुंडाळी विसरून इंजिन सुरू केल्यास नुकसान होऊ शकते.

गाडीइतकेच लक्ष गॅरेजकडे द्यावे लागले. दरवाजाच्या खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलच काय, अंगठाही जाईल एवढी फट होती. तेथे पत्र्याची पट्टी ठोकली. कुत्र्याच्या खाद्याची कागदी पिशवी मी अनेक वर्षे गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवत आले होते, ते खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरले. गाडीतील टिश्यूचा डबा, बिस्किटांचे वेष्टन, मुलांच्या आसनाखालचा चुरा, हे सर्व काढून टाकले. खाण्याचे आणि अंथरण्याचे असे दोन्ही सामान आम्हीच त्यांना पुरवत होतो.

सापळे मी गाडीच्या बाहेर, भिंतीला काटकोनात आणि आमिषाचे टोक भिंतीकडे करून लावले. शेंगदाण्याच्या कुटाबरोबर एका चापाला कापसाचा छोटा बोळा बांधला होता, आणि पहिला उंदीर त्याच चापात सापडला. चार रात्रींत तीन उंदीर मिळाले, त्यानंतर एकही नाही. विषारी गोळ्या मी जाणीवपूर्वक टाळल्या. विष खाल्लेला उंदीर डॅशबोर्डच्या आत जाऊन मेला तर तो काढण्यासाठी निम्मी गाडी उघडावी लागते, शिवाय तो खाणारी मांजरे आणि घुबडेही त्या विषाने मरू शकतात. चिकट पुठ्ठ्यांवर उंदीर तासन् तास तडफडतो. ते मला मान्य नाही.

या सगळ्याच्या आधी मी सोपे उपायही करून पाहिले होते. पुदिन्याच्या तेलाचे बोळे दोन-तीन दिवसांत गंधहीन होतात आणि इंजिनच्या उष्णतेत त्याहूनही लवकर. डांबराच्या गोळ्यांची वाफ बंद गाडीत बसणाऱ्या माणसांनाच अपायकारक असते, म्हणून त्या मी दुसऱ्याच दिवशी काढल्या. कर्णातीत, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा, ध्वनी सोडणारे यंत्र महिनाभर लावले, पण त्याच महिन्यात इंजेक्टरची वायर कुरतडली गेली. अशा यंत्रांबद्दल केलेल्या दाव्यांना शास्त्रीय आधार हवा, असा इशारा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने २००१ मध्ये ६०हून अधिक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना दिला होता, हे नंतर वाचनात आले. मिरचीचा तिखट घटक लावलेली चिकटपट्टी तेवढी मी ठेवली आहे. ती उंदराला आत येण्यापासून अडवत नाही, पण दुरुस्त केलेल्या वायरींवर ती गुंडाळल्यापासून तेथे नव्या खाचा उमटलेल्या नाहीत.

आता गाडी आठवड्यातून किमान दोनदा वीस मिनिटे तरी चालवली जाते. आम्ही बाहेरगावी असलो की शेजारच्या काकांकडे किल्ली असते आणि लाल फितींचा नियम त्यांना पाठ आहे. मी दर रविवारी बॉनेट उघडून विजेरीने अस्तर, बॅटरीची बैठक आणि वायपरखालची जाळी पाहते, आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी रात्री चाकांभोवती पावडर पसरते. गेले अकरा महिने रविवारी पहाटे तेथे फक्त आमच्या मांजराच्या पावलांचे ठसे असतात.