गोळी बंद कोण करणार?

त्या दिवशी घरभेटीच्या यादीत चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका आजींचं नाव होतं. कारणाच्या रकान्यात डॉक्टरांनी एवढंच लिहिलं होतं : रात्री पडल्या, विसरतात, औषधं बघा.

'औषधं बघा' हे काम माझं. ओहायोतल्या एका रुग्णालयात मी वृद्धांच्या औषधोपचाराची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं प्रत्यक्ष कामातलं प्रशिक्षण, करत होते. आमच्या घरी हे अजून कोणाला नीट कळलेलं नाही. पुण्याहून फार्म.डी., म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसी, करून निघाले तेव्हा काकांनी विचारलं होतं, "तिकडं मेडिकल टाकणार का?" त्यांना तरी काय बोलणार? आपल्याकडे फार्मसिस्ट काउंटरच्या मागेच दिसतो. सहा वर्षांचा फार्म.डी. भारतात सुरू झाला तोच २००८ मध्ये. त्याआधीची पोरं चार वर्षांचं बी.फार्म. करायची, आणि २००३ पासून अमेरिकेत परदेशी फार्मसिस्टला परीक्षेला बसायलाच किमान पाच वर्षांची पदवी लागते. फार्म.डी.मुळे मला ते दार उघडं मिळालं. मग ती परीक्षा, इंटर्नशिपचे तास, लायसन्सची परीक्षा, एक वर्ष सर्वसाधारण रेसिडेन्सी आणि त्यावर वृद्धांसाठीचं हे दुसरं वर्ष. पगार दुकानातल्या फार्मसिस्टच्या निम्म्याहून कमी. काकांना हा आकडा मी अजून सांगितलेला नाही.

आजींचं घर स्वच्छ होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांच्या मुलीनं सगळी औषधं मांडून ठेवली होती. इथं गोळ्या नारिंगी बाटल्यांतून मिळतात, लहान मुलांना उघडता येऊ नये अशा टोपणाच्या. आजींची बोटं संधिवातानं वाकडी झालेली, त्यांनाही ती उघडेनात. म्हणून टोपणं काढून टाकलेली आणि बाटल्यांच्या तोंडाला स्वयंपाकाची फॉइल. मागितली तर दुकानातून साधी टोपणं मिळतात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

बाटलीवरची तारीख शेवटच्या वेळी औषध घेतल्याची असते. गोळी पहिल्यांदा कधी सुरू झाली ते तिच्यावरून कळत नाही. मी तिथूनच त्यांच्या औषधाच्या दुकानाला फोन लावला आणि प्रत्येक गोळी पहिल्यांदा कधी दिली ते विचारलं. पलीकडचा फार्मसिस्ट कामात होता, पण त्यानं सगळं वाचून दाखवलं. मग मी बाटल्या त्या क्रमानं टेबलावर ओळीनं लावल्या. मुलगी शेजारी उभी राहून बघत होती.

आधी रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन, पुढे डोस वाढवून दहा मिलिग्रॅम. त्यानंतर तीनेक महिन्यांनी फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवीची गोळी, कारण पाय सुजले. अ‍ॅम्लोडिपिननं पाय सुजतात, डोस जास्त असला तर जास्तच, आणि ती सूज लघवीच्या गोळीनं धड उतरत नाही. लघवीची गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांत लघवी धरवेना, म्हणून यूरॉलॉजिस्टनं ऑक्सिब्युटिनिन दिली. त्यानंतरच्या वर्षी विसरभोळेपणा वाढला, म्हणून न्यूरॉलॉजिस्टनं डोनेपेझिल. मधे कुठंतरी पायांच्या जळजळीसाठी गॅबापेंटिन आली. ओळीच्या शेवटी सुपरमार्केटमधून आणलेली 'पीएम' लिहिलेली, म्हणजे रात्रीची, वेदनाशामक गोळी. त्या 'पीएम'मध्ये झोप आणायला डायफेनहायड्रामिन असतं.

एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजला जातो आणि त्याच्यावर दुसरं औषध दिलं जातं. या साखळीला पॉला रोशॉन आणि जेरी गुर्विट्झ या डॉक्टरांनी १९९७ मध्ये 'प्रिस्क्रायबिंग कॅस्केड' म्हटलं होतं. ते मी पाठ केलेलं होतं, पण ती साखळी अशी टेबलावर ओळीनं लागलेली पहिल्यांदाच बघत होते. डोनेपेझिल मेंदूतलं, आठवणीला लागणारं, अ‍ॅसिटिलकोलिन टिकवून धरते. ऑक्सिब्युटिनिन आणि डायफेनहायड्रामिन त्याचंच काम अडवतात. बैलगाडीला पुढून एक बैल जुंपायचा आणि मागून दोन, त्यातली गत. मार्क बीअर्स या वृद्धांच्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. आता अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटी ही वृद्धांवर उपचार करणाऱ्यांची संस्था ती सांभाळते, २०२३ मध्ये तिची नवी आवृत्ती आली. त्या यादीतली नावं टेबलावरही होती. ती शोधायला रेसिडेन्सी लागत नाही, कॉम्प्युटरही लाल खूण करून दाखवतो.

कॉम्प्युटरला न दिसलेली गोष्ट गोळ्यांच्या डब्यात होती. सात दिवसांचा, सकाळ-रात्र असे खण असलेला प्लॅस्टिकचा डबा. सकाळचे खण खच्चून भरलेले, झाकण बसेना. फ्युरोसेमाइड सगळी रात्रीच्या खणात. मी विचारलं, "ही रात्री कोणी घ्यायला सांगितली?" आजी म्हणाल्या, "कोणीच नाही. सकाळच्यात जागाच उरली नव्हती."

म्हणजे लघवीची गोळी झोपताना, वर 'पीएम'ची गुंगी, आणि मध्यरात्री अंधारात बाथरूमची वाट. पडल्या त्याही तिथंच, पलंग आणि बाथरूम यांच्या मधे. मुलीनं तोंडावर हात ठेवला. मी ती गोळी सकाळच्या खणात टाकायला घेतली आणि जागा करायला जीवनसत्त्वाच्या दोन गोळ्या रात्रीच्या खणात ढकलल्या. इतकं किरकोळ काम.

परत येताना गाडीत हिशेब केला. क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून येणारा आणि मूत्रपिंडानं बाहेर टाकायचा कचरा, ०.९, रिपोर्टवर 'नॉर्मल'. पण वजन ४८ किलो आणि वय ८४. १४० वजा ८४, गुणिले ४८, भागिले ७२ गुणिले ०.९, बाई म्हणून गुणिले ०.८५. उत्तर मिनिटाला पस्तीस मिलिलिटर, म्हणजे मूत्रपिंड मिनिटाला तेवढंच रक्त साफ करतं. एवढ्या मूत्रपिंडाला गॅबापेंटिन दिवसाला जास्तीत जास्त १४०० मिलिग्रॅम चालते, आजी १८०० घेत होत्या. तिनंही गुंगी येते, पाय सुजतात. स्नायूच उरले नाहीत तर क्रिएटिनिन वाढणार कुठून? तरी तो 'नॉर्मल' शब्द बघून सगळे पुढे जातात.

मग फोनाफोनी. फॅमिली डॉक्टर अ‍ॅम्लोडिपिन आणि गॅबापेंटिन कमी करायला लगेच तयार, पण ऑक्सिब्युटिनिनचं यूरॉलॉजिस्टला विचारा. यूरॉलॉजिस्टकडची नर्स म्हणाली, पुढची अपॉइंटमेंट दोन महिन्यांनी आहे, तेव्हा बघू. न्यूरॉलॉजिस्टकडे व्हॉइसमेल. गोळी सुरू करताना प्रत्येकानं सही केली होती आणि प्रत्येकाकडे तेव्हा चांगलं कारण होतं. बंद करायला मात्र सगळ्यांना दुसऱ्याची परवानगी हवी. मला यात कोणाचा आळस दिसत नाही. दुसऱ्यानं दिलेलं औषध थांबवलं आणि काही बरंवाईट झालं तर नाव आपलं येणार, ही भीती खरी आहे. शेवटी यूरॉलॉजिस्टना मी एका पानाचं पत्र लिहिलं, तारखांसकट. दोन ओळींत होकार आला.

त्या रात्री आईला फोनवर म्हटलं, तुझी औषधांची पिशवी कॅमेऱ्यासमोर धर. स्ट्रिपा कात्रीनं कापलेल्या, नाव एका तुकड्यावर, गोळ्या दुसऱ्यावर. ही कोणती? "पांढरी, जेवणाआधीची." सर्दीची एक गोळी होती, क्लोरफेनिरामिनची, ऑक्सिब्युटिनिनच्याच चालीची. झोप चांगली लागते म्हणून आई ती सर्दी नसतानाही घेत होती. तिच्याशी वाद घालणं आजींपेक्षा कठीण गेलं.

माझ्या प्रिसेप्टर, म्हणजे मला शिकवणाऱ्या, बाईंचा नियम : एका वेळी एकच औषध हलवायचं, नाहीतर फरक कशानं पडला ते कळत नाही. 'पीएम' सर्वात आधी गेली, तिला फक्त आजींची परवानगी लागत होती. त्यांनी आठवडाभर तक्रार केली. मग ऑक्सिब्युटिनिन. मग अ‍ॅम्लोडिपिन कमी करत बंद, त्याजागी लिसिनोप्रिल ही रक्तदाबाचीच दुसरी गोळी थोड्या डोसात. हो, काढता काढता एक वाढवलीही, वर क्रिएटिनिन आणि पोटॅशियमवर लक्ष ठेवणं आलं. सूज उतरली तशी फ्युरोसेमाइडही गेली. गॅबापेंटिन निम्म्यावर.

वसंत ऋतूपर्यंत आजी पुन्हा पडल्या नाहीत. मी घरात शिरले की कोण आले ते त्यांना आठवायचं, जे आधी आठवत नव्हतं. पण एकच गोष्ट तीनदा विचारायच्या, दिवसही चुकायचे. स्मृतिभ्रंश खाली होताच. गोळ्यांनी त्यावर आणखी थर चढवला होता, तेवढा निघाला. लघवीचा त्रास थोडा राहिला, त्याला दर दोन तासांनी बाथरूमला जायची सवय आणि पॅड.

राहिली डोनेपेझिल. तिचा उपयोग होतोय का, हे मला खात्रीनं सांगता येत नव्हतं. हळूहळू कमी करून बघावी असं माझं मत. मुलगी म्हणाली, "बंद केली आणि आई मला ओळखेनाशी झाली तर? तुम्ही तर जूनमध्ये जाणार." बरोबरच होतं तिचं. रेसिडेन्सी जुलै ते जून असते. मी प्रिसेप्टरकडे बघितलं, त्यांनी मान हलवली. गोळी ठेवली.

पुढच्या रेसिडेंटसाठीच्या नोंदीत मी लिहिलं : डोनेपेझिल ५, मुलीशी ऑक्टोबरमध्ये पुन्हा बोलणे, घाई नको. साधी टोपणं दुकानाला सांगून झाली आहेत, तरी दर वेळी तपासणे.