जादूच्या खाली

आयरिश भाषेत जादूला 'द्रीअख्त' म्हणतात. मराठी जिभेला यातला 'द' आयताच येतो. आपल्या दारातल्या 'द'सारखाच तो दातांना टेकतो. गडबड होते 'ख'पाशी. आपल्या खोबऱ्यातला 'ख' तिथे चालत नाही, घशात घासणारा, उर्दू 'ख़त'मधला लागतो.

'द्री' म्हणजे ड्रुइड, आयर्लंडात ख्रिस्ती धर्म येण्याआधीचा पुरोहित. 'अख्त' हा भाववाचक प्रत्यय. भगताची भगतगिरी, तशी ड्रुइडाची द्रीअख्त! मुळात हे एका पेशाचं नाव. 7व्या शतकात आयर्लंडात ख्रिस्ती धर्म रुजवणाऱ्या संत पॅट्रिकची लॅटिन चरित्रं लिहिली गेली, त्यांत या ड्रुइडांना 'मागी', म्हणजे जादूगार, म्हटलं आहे. हरलेल्या पुरोहिताच्या विद्येचं चेटूक व्हायला कितीसा वेळ लागतो?

आणि विद्या हा शब्द इथे उगाच आलेला नाही. 'द्री'ची बहुतेक अभ्यासक मानतात ती फोड अशी: पहिला भाग झाडाचा, दुसरा जाणण्याचा. संस्कृतातले 'द्रु' आणि 'विद्' हे त्यांचे भाऊबंद. 'जादू' मात्र आपण फारसीतून घेतली.

जादूची काठी म्हणजे 'स्लॉत द्रीअख्ता'. शेवटचा 'आ' आपल्या 'ची'चं काम करतो. जुन्या कथांत माणसांना दिसेनासं करणारं धुकंही असंच, 'क्यो द्रीअख्ता'.

खरी मजा 'फ्वी ग़्रीअख्त'मध्ये आहे. 'फ्वी' म्हणजे खाली. त्याच्या मागून येताना 'द' मऊ होतो: रोमन लिपीत 'डी'पुढे 'एच' लागतो आणि उच्चार 'ग़ज़ल'मधल्या 'ग़'चा. नवशिके तो 'एच' धरून शब्दकोश धुंडाळतात आणि हात हलवत परततात. तो काढून शोधावं. जुन्या कोशात तर मधे आणखी काही मुकी अक्षरं भेटतात. 20व्या शतकातल्या लेखनसुधारणेत ती गळाली.

गाणं ऐकून मराठी माणूस भारावतो. आयरिश माणूस त्याच गाण्याच्या जादूखाली जातो. 'ग्यॅसा' म्हणजे वीरांवरची गूढ बंधनं, तीही खालीच: माणूस 'फ्वी ग्यॅसा' असतो. फक्त इथला 'ग' मऊ होऊन जवळजवळ 'य' ऐकू येतो. कू खुलिन या वीराला कुत्र्याचं मांस वर्ज्य होतं, कारण त्याच्या नावातला 'कू' म्हणजेच कुत्रा.