तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही किती आणि कुठे

आडनावाच्या शेवटचे ‘कर’ ऐकून ज्यांनी मनाशी काही वेगळेच ठरवलेले असते, ती माणसे मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी, आहे हे कळताच हमखास विचारतात, “भारतात ज्यू आता किती उरले?” २०११च्या जनगणनेत ते साडेचार हजारांच्या आसपास भरले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या महाराष्ट्रात होते. जनगणनेच्या अर्जात सहाच धर्मांना क्रमांक असल्यामुळे आमच्या धर्माचे नाव अक्षरांत लिहावे लागते. १९५१ साली हीच संख्या पंचवीस हजारांवर होती; इस्रायल स्थापन झाल्यावर माणसे बोटीने आणि विमानाने तिकडे जात राहिली, आणि १९७१पर्यंत ती सहा हजारांच्या आत आली.

कोचीत १५६८चे ‘परदेशी’ नावाचे सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनामंदिर) उभे आहे, पण तिथले ज्यू बोटांवर मोजण्याइतके. कोलकात्याच्या बगदादी ज्यूंचेही तसेच. मिझोराम आणि मणिपूरमधले बेने मेनाशे, म्हणजे स्वतःला इस्रायलच्या एका हरवलेल्या जमातीचे वंशज मानणारे लोक, ही अगदी निराळी कथा आहे.

आमच्या लेखी मात्र खरा आकडा दहाचा. तेरा वर्षांवरील दहा पुरुष जमले, म्हणजे मिन्यान झाले, तरच सेफेर तोरा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी, उघडून वाचता येतो. त्यामुळे साडेचार हजारांपेक्षा ते कुठे राहतात हे महत्त्वाचे ठरते. मुंबई-ठाण्यात दहा जण मिळतात. अलिबागजवळच्या ज्या गावी माझ्या पणजोबांचा घाणा होता आणि शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, तो बंद राहत असल्यामुळे त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, तिथे आज आमचे एकही घर नाही. अलिबागच्या इस्रायल आळीतल्या मशिदीत (सिनेगॉगला आमची जुनी माणसे मशीदच म्हणतात) प्रार्थना ठरवायची, तर ठाण्याहून गाडी भरून न्यावी लागते आणि वाटेत चहाला थांबले की कोणीतरी डोकी मोजतो.

मागे एकदा आम्ही नऊच पोचलो. अर्धा तास खोळंबल्यावर इस्रायलमधल्या दिमोनाहून आलेले एक वृद्ध गृहस्थ पूर्वजांचे गाव शोधत दारात उभे राहिले. आमच्याहून अस्सल मराठीत त्यांनी “जागा आहे का?” असे विचारले, आणि आमचे दहा झाले. जनगणनेत त्यांना कोणी धरणार नाही. मी मात्र विचारणाऱ्याला साडेचार हजारांचा आकडा सांगताना मनातल्या मनात त्यांना त्यात मिळवतो.